बेळगावात सांगली केंद्र ऐकताना

१ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. जवळचं धारवाड केंद्र मुख्यतः कन्नडचं. आमच्या घरात मराठी बोलणं यायचं ते १९६३ला सुरू झालेल्या सांगली केंद्रावरून. सकाळी ७.०५ला पुण्याच्या बातम्या, साडेआठला दिल्लीच्या, दुपारी बायकांचा कार्यक्रम, संध्याकाळी शेतीचा. आजोबांचा दिवस त्यावरच चाले. (भिंतीवर घड्याळ होतं, पण किल्ली कोण देणार!)

अंधार पडला की मात्र खरखर. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत येतात. रात्री आकाशातल्या वरच्या थरावरून परतून लांबची केंद्रंही त्यांत मिसळतात. आजोबा ट्रान्झिस्टर आडवा-तिरपा फिरवत, आम्ही हसायचो. आतली अँटेना दिशा धरते, हे मला फार उशिरा कळलं. शेतीवरचं भाषण संपेपर्यंत ते रेडिओ हातातच धरून बसत.