गोवर आणि कांजिण्या

मुलाच्या अंगावर पुरळ उठलें कीं आमच्या महाड-पोलादपूरकडील घरांतून प्रथम कडुनिंबाचा डहाळा येतो व डॉक्टरचा विचार मागाहून होतो. देवीच्या रोगाची दहशत पिढ्यान्‌पिढ्या मनांत राहिली, तिचा हा परिणाम होय. १८०२ सालीं मुंबईंत एका तीन वर्षांच्या मुलीस ह्या देशांतील पहिली देवीची लस टोचली गेली. १९७५ सालीं येथील शेवटचा रोगी आढळला. आणि १९८० सालीं साऱ्या जगांतून देवी नाहींशी झाल्याचें जाहीर झालें. गोवर व कांजिण्या मात्र राहिल्या आहेत. त्यांतील भेद पालकांस कळावा, एवढ्याचकरितां हा लेखप्रपंच.

गोवराचा आरंभ पुरळानें होत नाहीं. आधीं तीन-चार दिवस सडकून ताप, खोकला, वाहतें नाक व लाल डोळे असतात. मग कानांमागें व कपाळावर तांबडें पुरळ उमटून तें चेहऱ्यावरून छाती, पोट व हातपायांवर उतरतें. कांजिण्यांत पाण्यानें भरलेले फोड येतात, त्यांस खाज सुटते, आणि एकाच वेळीं कोठें नवी पुळी, कोठें फोड, तर कोठें खपली दिसते.

गोवरांत खरें भय पुरळाचें नसून मागून होणाऱ्या फुप्फुसदाहाचें, हगवणीचें व डोळ्यांच्या विकाराचें असतें. म्हणून मुलास उपाशी ठेवूं नये. पाणी, पेज व तान्ह्यास आईचें दूध चालू ठेवावें. कडुनिंब उशाशीं ठेवण्यास आमचा आक्षेप नाहीं. पण त्यावर विसंबून दवाखाना टाळूं नये. तेथें मिळणाऱ्या 'अ' जीवनसत्त्वानें डोळे व प्राण वांचण्यास साह्य होतें. श्वास जलद चालणें, पाणी न पिणें, गुंगी किंवा झटके दिसतांच, भर पावसांत घाटाखालच्या वाडीवरूनहि, त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. कांजिण्यांत नखें कापावीं व अ‍ॅस्पिरीन देऊं नये. गोवराचें मूल पुरळ उठल्यापासून चार दिवस, व कांजिण्यांचें सर्व खपल्या धरेपर्यंत, शाळेंत पाठवूं नये.

२०२२ सालीं मुंबईंत गोवराची साथ येऊन मुलें दगावलीं. आमच्याकडील कितीएक घरांचीं माणसें मुंबईस नोकरीस आहेत; गणपतीस व शिमग्यास तीं घरीं येतात. तेथील रोग येथें येण्यास एस. टी.ची एक रात्र पुरे. ह्यावर खात्रीचा उपाय लस हाच. नऊ महिने पुरे होतांच पहिली व सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. विद्यार्थिमित्रहो, धाकट्या भावंडाचें लसीचें कार्ड आजच पाहा, आणि दोन्ही नोंदी नसतील तर आईवडिलांस सांगा.