बिघाड नेटचा, शेरा उमेदवारावर

लातूरच्या मुलीला पुण्यातल्या कंपनीची मुलाखत घरी बसून देता येते, ही लहान गोष्ट नाही. २०२० च्या मार्चआधी तिला रात्रीची बस धरावी लागायची. हडपसरला कुणा नातेवाइकाकडे तोंड धुऊन, कपडे बदलून हिंजवडी गाठायची आणि ‘वॉक-इन’च्या रांगेत फाइल घेऊन उभं राहायचं. शहरात ओळखीचं कुणी नसेल, तर घरून निघण्यापासूनच अडचण. टाळेबंदीत कंपन्यांनी भरती पडद्यावर आणली. झूमवर २०१९ च्या डिसेंबरात दिवसाला साधारण एक कोटी सहभागींची नोंद व्हायची, ती पुढच्या एप्रिलात तीस कोटींवर गेली. टाळेबंदी उठल्यावरही असंख्य ठिकाणी पहिली फेरी ऑनलाइनच राहिली. त्यामुळे गावाकडच्या मुलामुलींचा पैसा वाचला आणि मोठ्या शहरातल्या नोकरीचं दार त्यांच्या जवळ आलं. म्हणूनच हे दार ज्या ढिसाळपणे उघडलं-लावलं जातं, त्याचा मला मनापासून राग येतो.

माझ्या भाचीची मुलाखत सकाळी अकराची होती. आदल्या रात्री उशिरा कन्सल्टन्सीकडून मेल आला. त्यात टीम्सवर या असं लिहिलेलं, पण सोबतची लिंक गूगल मीटची. पावणेअकरापासून ती पडद्यासमोर बसून होती. साडेअकरानंतर फोन आला, “पॅनेल मीटिंगमध्ये आहे, लाइनवर राहा.” सव्वाबाराला एक जण आले. स्वतःचा कॅमेरा बंद ठेवून त्यांनी तिला कॅमेरा सुरू करायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुमचा रेझ्युमे पाठवता का?” अर्ज सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जागेसाठी होता, प्रश्न मात्र बराच वेळ जावा प्रोग्रॅमिंगचे चालले. मध्येच दुसरे गृहस्थ जोडले गेले आणि त्यांनी पुन्हा “स्वतःबद्दल सांगा”पासून सुरुवात केली. आवाज तुटू लागला, ती बोलत असतानाच कॉल बंद झाला. पुन्हा कुणी लिंक पाठवली नाही. खूप दिवसांनी कळलं ते एवढंच, की उत्तरं द्यायला वेळ लागतो असा शेरा पडला आहे. तिने मला विचारलं, “मावशी, मी खरंच एवढी मंद बोलते का गं?”

ती मंद बोलत नाही. तिच्या या प्रश्नासाठीच मी हा विषय खोलात जाऊन वाचला.

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत जाणारा वेळ अगदी थोडा असतो. दहा भाषांमधली संभाषणं तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही फट सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघाली. त्या दहांत मराठी नव्हती, पण जपानीपासून डॅनिशपर्यंत इतक्या वेगवेगळ्या भाषा होत्या, की हा माणसाच्या बोलण्याचाच स्वभाव मानायला हरकत नाही. आता यात इंटरनेट आणा. आवाजाचे तुकडे होतात, ते सर्व्हरवरून फिरून येतात आणि मागेपुढे पोचलेले तुकडे नीट लावण्यासाठी ऐकणाऱ्याच्या बाजूला थोडे थांबवून धरले जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा हा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला, तर संभाषणाला सहसा बाधा येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, घरात दुसरं कुणी व्हिडिओ पाहत असताना, तो सहज याच्या पुढे जातो. प्रश्न तिच्यापर्यंत उशिरा पोचतो, उत्तरही उशिरा परततं. दोन्ही उशिरांची बेरीज मुलाखत घेणाऱ्याला एकच गप्पपणा म्हणून ऐकू येते. ती मात्र प्रश्न ऐकताक्षणी बोललेली असते.

हा गप्पपणा ऐकणारा कुणाच्या खात्यावर टाकतो? जर्मन संशोधकांचा २०१४ चा एक प्रयोग यावर आहे. कॉलमध्ये मुद्दाम उशीर घातला, तेव्हा लोकांनी दोष लाइनला दिला नाही. पलीकडचा माणूसच त्यांना कमी लक्ष देणारा वाटला. लाइन तुटली तर निदान बिघाड कळतो. लाइन चालू असून उशीर होतो, तेव्हा बिघाड दिसत नाही, माणूस दिसतो. म्हणून त्यावर शेराही माणसाचाच पडतो.

पण सगळं नेटवर ढकलून चालणार नाही. चुकीची लिंक, न वाचलेला रेझ्युमे, भलत्याच जागेचे प्रश्न यांत नेटचा काय संबंध? कन्सल्टन्सी नाव पुढे पाठवते, कंपनीतला रिक्रूटर वेळ ठरवतो, जागा असते एका मॅनेजरच्या टीममधली आणि प्रश्न विचारायला बसतो तिसऱ्याच प्रोजेक्टवरचा इंजिनिअर. त्याच्या डोक्यावर डिलिव्हरीची तारीख असते आणि मुलाखती घेणं त्याच्या कामात बहुधा धरलंच जात नाही. उमेदवार ऑफिसात आलेला असला, की रिसेप्शनवर बसलेला दिसतो, जातायेता कुणीतरी “झालं का तुमचं?” म्हणून विचारतं. ऑनलाइन वेटिंग रूममध्ये तासभर बसलेली मुलगी कुणालाच दिसत नाही. परदेशी टीम असेल तर घड्याळाचा घोळ वेगळाच. न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळं बदलतात आणि उमेदवार एक तास आधी किंवा नंतर पोचतो.

कंपन्यांची एक अडचण खरी आहे. उमेदवाराच्या जागी दुसऱ्यानेच मुलाखत देण्याचे प्रकार होतात. म्हणून ओळखपत्र दाखवा, कॅमेरा फिरवून खोली दाखवा, असं सांगणं मी समजू शकते. परंतु ज्याच्याकडून इतका पुरावा मागायचा, त्याला आपला चेहरा आणि नाव तरी कळायला हवं.

आणि विस्कळीत मुलाखतीने कंपनीचंही भलं होत नाही. कोणत्या निवडपद्धतीवरून पुढच्या कामाचा अंदाज किती बरोबर येतो, याचा मोठा फेरआढावा पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडला. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आधी ठरवलेल्या गुणपद्धतीने विचारणाऱ्या मुलाखतीचा कामगिरीशी संबंध ०.४२ निघाला आणि ती यादीत सर्वांत वर आली. सुचेल ते विचारण्याच्या मुलाखतीचा ०.१९. या मापात शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत. आधी दहा मिनिटं बसून प्रश्न लिहून काढायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

मुलाखत देणाऱ्यांनी आपल्यापुरती काळजी घ्यावी. आदल्या दिवशी लिंक, वेळ आणि जागेचं नाव मेलवर विचारून पक्कं करा. रिक्रूटरचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. उशीर जाणवला तर सुरुवातीलाच सांगा, “सर, तुमचा आवाज थोडा उशिरा येतोय.” एवढ्याने समोरच्याला कारण कळतं. कॉल तुटला तर त्याच दिवशी मेल करून उरलेली मुलाखत मागा. मुलाखतीच्या नावाखाली कुणी नोंदणी किंवा लॅपटॉपसाठी पैसे मागितले तर देऊ नका. गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.

मोठी जबाबदारी मात्र पलीकडच्या खुर्चीची आहे. मुलाखत घेणाऱ्यांनो, रेझ्युमे आधी वाचा, कॅमेरा सुरू करा, उशीर होणार असेल तर कळवा. लाइन तुटली तर पुन्हा जोडा, आणि ती पुन्हा नीट जोडली जाईपर्यंत उमेदवाराच्या नावापुढे काहीही लिहू नका.