डॉक्टरांची हातोडी आणि भाईजींचा पाय

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सारेच भाईजी म्हणतात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षीही रोज सकाळी भुसाराच्या अडत दुकानात गादीवर मांडी घालून बसतात. गेल्या वर्षी पर्युषणाच्या सुमारास पायांना मुंग्या येत असल्याची तक्रार त्यांनी प्रथम केली. ज्याचा जन्म गादीवर गेला त्याच्या पायांना मुंग्या येणारच, असा निवाडा घरातील सर्वांनी देऊन टाकला. त्यात मीही होतो. भाभीजींनी तिळाच्या तेलाची मालिश सुरू केली. पुढे चालताना चप्पल पायातून निसटली तरी त्यांना कळेनासे झाले. प्रतिक्रमणात कायोत्सर्गासाठी डोळे मिटून उभे राहिले की देह डोलू लागे आणि हात भिंतीकडे जाई. ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली नाही. शेजारी उभ्या असलेल्या नातवाने सांगितली, आणि मग आम्ही मज्जातंतुविकारांच्या तज्ज्ञांकडे गेलो.

आता मोठमोठी यंत्रे पुढे येतील, अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून रबरी तोंडाची एक लहान हातोडी काढली. भाईजींना उंच बाकावर पाय लोंबते सोडून बसविले आणि गुडघ्याच्या वाटीच्या किंचित खाली हलकेच ठोका दिला. उजवा पाय जेमतेम हलला. डावा हललाच नाही. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगितले आणि त्याच क्षणी पुन्हा ठोका दिला. या वेळी डावा पायही थोडासा उडाला. टाचेच्या वरील जाड कंडरेवर ठोका देऊन पाहिला, तेथे दोन्ही बाजूंना काहीच उमटले नाही. डॉक्टर गंभीर झाले. घरी परतताना भाईजी मात्र हसून म्हणाले, “नाना, पाच मिनिटे गुडघे ठोकले आणि एवढी फी घेतली! हा धंदा आपल्यापेक्षा बरा.”

मी वैद्यकाचा विद्यार्थी नव्हे. एम.कॉम. झालो आणि सारी नोकरी बँकेत लोकांची कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. परंतु कागदावरील एका लहानशा नोंदीवरून साऱ्या पेढीची प्रकृती ओळखता येते, हा अनुभव गाठीशी असल्याने त्या हातोडीने डॉक्टरांना नेमके काय सांगितले असावे, याचा शोध घेतल्यावाचून मला राहवेना.

गुडघ्याच्या वाटीखाली बोट दाबून पाहिल्यास एक ताठ पट्टी हाताला लागते. ही कंडरा. मांडीच्या पुढील भागात चार स्नायूंचा जो जुडगा आहे तो वाटीच्या द्वारे हिच्यामार्फत नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. कंडरेवर ठोका बसला की ती क्षणभर आत दबते आणि तिच्यामागोमाग मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो. हा ताण अत्यल्प असतो, आपल्याला जाणवतही नाही. परंतु स्नायूच्या पोटात त्याची नोंद घेणारे पहारेकरी बसलेले असतात. चरख्याच्या चातीप्रमाणे मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते असे हे सूक्ष्म अवयव. स्नायूची लांबी किती आणि ती किती वेगाने बदलते आहे, एवढेच पाहणे हे त्यांचे काम. ताण पडताच ते मज्जातंतूमधून संदेश धाडतात. शरीरातील सर्वांत वेगवान तंतूंपैकी हे तंतू होत. त्यांतून संदेश सेकंदाला साधारण ८० ते १२० मीटर या वेगाने धावतो.

हा संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत शिरतो. कमरेच्या भागातून मज्जातंतूंच्या ज्या जोड्या निघतात त्यांपैकी दुसरी ते चौथी या जोड्या, त्यातही प्रामुख्याने तिसरी व चौथी, या कामी येतात. तेथे संदेश आणणारा तंतू स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशीशी थेट भिडतो. मध्ये दुसरा कोणी नाही. दोघांमध्ये केवळ एक सूक्ष्म फट, जिला सिनॅप्स म्हणतात. ती ओलांडली की हुकूम सुटतो, मांडीचा स्नायू आकुंचन पावतो आणि नडगी पुढे उडते. ठोका बसल्यापासून स्नायू जागा होईपर्यंत सुमारे २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. ठोका जाणवला की आपण होऊन पाय हलवायचा असे ठरविले, तर त्याला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

यात मेंदूची परवानगी कोणी मागितली? कोणीच नाही. मी शाखाधिकारी असताना ठराविक रकमेपर्यंतचे कर्ज मंजूर करण्याचा अधिकार शाखेलाच होता. मुख्य कार्यालयाला नंतर सूचनापत्र जात असे. शरीराची व्यवस्था हुबेहूब अशीच आहे. गुडघ्याचा निर्णय कमरेच्या शाखेत होतो आणि त्याची खबर वर मेंदूकडे पाठविली जाते. ती पोचेपर्यंत येथे काम उरकलेले असते. म्हणून आपला पाय उडालेला पाहून आपणच चकित होतो.

दुसरी एक गोष्ट मला अधिकच भावली. मांडीच्या पुढील स्नायूने आखडायचे, तर मागील स्नायूंनी सैल व्हायला हवे; अन्यथा दोघे एकमेकांना ओढत बसतील आणि पाय जागचा हलणार नाही. त्यासाठी तोच आलेला संदेश मज्जारज्जूतील एका मध्यस्थ पेशीलाही चेतवितो आणि ही पेशी मागील स्नायूंचा हुकूम रोखून धरते. एकीकडे जमा, त्याच क्षणी दुसरीकडे नावे. द्विनोंदी पद्धतीची चोपडी निसर्गाने आपल्या कण्यात माणसाला लिहिता येण्याच्या फार आधीपासून मांडून ठेवली आहे!

इंग्रजी वृत्तपत्रांत अविचाराने केलेल्या कृतीला गुडघ्याच्या या झटक्याचे नाव देण्याची रीत आहे. हा त्या बिचाऱ्या गुडघ्यावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत झाले. कारण हातोडी खाण्यासाठी ही यंत्रणा निर्माण झालेलीच नाही. आपण उभे असतो तेव्हा गुडघा किंचित वाकू लागला तरी मांडीचा स्नायू ताणला जातो, आणि पहारेकरी जागे होऊन त्याला सावरण्यास हातभार लावतात. घोट्यापाशी, कमरेत, पाठीत हीच लगबग अहोरात्र चालू असते. कायोत्सर्गातील ती निश्चल मुद्रा बाहेरून जितकी स्थिर दिसते, तितके आत अखंड सावरणे चालू असते. डोळे उघडे असताना दृष्टीची मदत मिळते. डोळे मिटले की कानाच्या आतील तोल राखणारे इंद्रिय आणि पायांकडून येणाऱ्या खबरा यांवरच भिस्त राहते. भाईजींच्या पायांकडून खबरा येणे मंदावले होते. डोळे मिटताच देह का डोलत होता, ते मला येथे उमगले.

या ठोक्याचा इतिहासही मनोरंजक आहे. १८७५ साली हायडेलबर्गचे विल्हेल्म एर्ब आणि बर्लिनचे कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात या क्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. एर्ब म्हणाले, ही मज्जारज्जूमार्फत होणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. वेस्टफाल यांना ते मान्य नव्हते. स्नायू ताणला गेल्याने तो स्वतःच उडतो, असे त्यांचे म्हणणे. पुढे इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन आदींच्या संशोधनाने एर्ब यांचा पक्ष खरा ठरला. ते प्रयोग प्राण्यांवर झाले, हे आपल्या वाचकांना बोचेल, मलाही बोचले. शेरिंग्टन यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक एडगर एड्रियन यांच्यासमवेत विभागून मिळाले. वेस्टफाल यांच्या पदरातही मोठे श्रेय आहेच. मज्जारज्जूच्या एका विशिष्ट विकारात हा झटका नाहीसा होतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि तेव्हापासून ठोका ही रोगनिदानाची चाचणी बनली. बोटे अडकवून ओढण्याची जी युक्ती भाईजींकडून करवून घेतली, ती येन्ड्रासिक नावाच्या हंगेरियन वैद्यांची. इतरत्र जोर लावल्याने मज्जारज्जूतील पेशी अधिक तत्पर होतात आणि दबलेला झटका प्रकट होतो.

त्या ठोक्याने कळते तरी काय? झटका मुळीच न येणे किंवा मंदावणे म्हणजे या वर्तुळात कोठेतरी तार तुटलेली किंवा गंजलेली असणे. कमरेच्या चकतीने एखादी नस दाबली असेल, तर एकाच बाजूचा झटका कमी होतो. मधुमेहात लांब तंतू आधी झिजतात, त्यामुळे टाचेचा झटका गुडघ्याच्या आधी जातो. याउलट पाय अवाजवी जोराने उडणे हेही चांगले लक्षण नव्हे. मेंदू या शाखांवर एरवी नियंत्रण ठेवतो. पक्षाघाताने किंवा मज्जारज्जूवरील दाबाने ते नियंत्रण सुटले, की शाखा मनमानी करू लागते. काही निरोगी माणसांचे झटके जन्मतःच मंद असतात, म्हणून दोन्ही बाजूंची तुलना आणि बाकीची लक्षणे पाहिल्याशिवाय डॉक्टर निष्कर्ष काढीत नाहीत. घरी एकमेकांचे गुडघे ठोकून निदान करण्याचा मोह मात्र वाचकांनी आवरावा. आमच्या घरी तो आठवडाभर चालला आणि त्यातून दोन भावजयांचा अबोला एवढेच निष्पन्न झाले.

भाईजींच्या रक्ततपासणीत दोन कारणे सापडली. साखर बारा वर्षांपासून होतीच. पण बी-बारा जीवनसत्त्वही फार खाली गेलेले होते. मज्जातंतूंवरील आवरण धड राहण्यास हे जीवनसत्त्व लागते. वनस्पतिजन्य अन्नात ते नैसर्गिकरीत्या जवळजवळ नसते. आपल्या आहारात ते येते ते दूध, दही, ताक यांतून. भाईजींनी कफ होतो म्हणून दूध कधीच सोडलेले होते. शिवाय साखरेसाठी जी मेटफॉर्मिनची गोळी ते वर्षानुवर्षे घेत होते, ती दीर्घकाळ घेतल्यास बी-बाराचे शोषण कमी होऊ शकते. ही गोष्ट मला नवीन होती, आणि आमच्या नात्यात ती गोळी घेणारी निदान नऊ माणसे आहेत. “शाकाहार सोडायला सांगणार काय?” असे भाईजींनी डॉक्टरांना जरा ताठरपणेच विचारले. ते म्हणाले, “मुळीच नाही. इंजेक्शने घ्या, पुढे गोळ्या घ्या, वर्षातून एकदा रक्त तपासा. आठ महिने उशिरा आलात, एवढीच माझी तक्रार आहे.”

ते आठ महिने आम्ही गादीला दोष देण्यात घालविले. मांडी घातल्याने आलेल्या मुंग्या पाय मोकळा केल्यावर काही मिनिटांत जातात. रात्री अंथरुणातही राहणाऱ्या मुंग्या वेगळ्या. एवढा साधा फरक कोणाच्या ध्यानी आला नाही.

परवा पुन्हा तपासणीला गेलो. भाईजी बाकावर बसले आणि हातोडी पडण्याच्या आधीपासूनच डाव्या पायाकडे टक लावून पाहू लागले. डॉक्टरांनी त्यांना छताकडे पाहायला लावले, बोटे ओढायला मात्र सांगितले नाही. ठोका पडला आणि डावा पाय उडाला. फार नाही, चार बोटे. टाचेचा झटका अजून आलेला नाही, आणि तो येईलच असे डॉक्टरांनीही म्हटले नाही. भाईजी आता कायोत्सर्गाला भिंतीजवळ, दिव्याच्या उजेडात उभे राहतात, डोळे अर्धे उघडे ठेवून. नातू शेजारी असतोच.