अवखळ कुत्र्याची शाळा



कोरठण खंडोबाच्या यात्रेला आपण जातो. खंडोबापाशी कुत्र्याला मान आहे, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पण घरच्या कुत्र्याला काही शिकवावे, हे मात्र आपण मनावर घेत नाही. भाकरीचा तुकडा टाकला, रात्री तो भुंकला, की आपले काम झाले. मग एखाद्या दिवशी घोटाळा होतो आणि सगळा राग त्या मुक्या जनावरावर निघतो.

असाच एक घोटाळा पारनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर झाला. कुत्रा आठ महिन्यांचा, नाव खंड्या. अंगात पारा भरलेला. मालकाचा मुलगा सातवीत, माझ्याच शाळेत. तो रोज लाकडाचा तुकडा फेकी आणि "खंड्या, आण!" म्हणून ओरडे. खंड्या वाऱ्यासारखा धावे, तुकडा उचली आणि लांब पळे. मग पुढे कुत्रा, मागे पोरगा. तासभर हा दंगा चाले, आणि बघणाऱ्यांना मौज वाटे. एके दिवशी शेजारी उतरलेल्या मेंढरांच्या वाड्यातून एक कोकरू निसटून पळाले. खंड्या तसाच धावला आणि त्याने कोकराचा पाय धरला. कोकरू वाचले, पण मुलाचे वडील म्हणाले, "उद्या याला टेम्पोत घालतो आन् लांब सोडून येतो."

मुलगा रडत माझ्याकडे आला. "गुरुजी, चूक कोणाची? त्याची का माझी?"

मी म्हटले, "बाळ, तू त्याला पळायला शिकवलंस. परत यायला कुठं शिकवलंस?"

आजचे बोलणे या एका प्रश्नाभोवतीच आहे.

धावत्या वस्तूच्या मागे लागणे, ती तोंडात धरणे, हे कुत्र्याच्या रक्तातच असते. परदेशात लॅब्राडोरसारख्या जाती पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार केल्या, त्या शिकाऱ्याने टिपलेला पक्षी न चावता आणून देण्यासाठी. आपल्याकडचे कारवानी कुत्रे घडले ते सशामागे धावण्यासाठी. वस्तीवरचे गावठी कुत्रे तर कोणी कसल्याच कामासाठी निवडलेले नाही. म्हणून आपल्या कुत्र्याला धावणे शिकवावे लागत नाही, पण धरलेली वस्तू परत आणून हातात देणे त्याला आपोआप येईलच असे नाही. ते शिकवावे लागते.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, शेतकऱ्याच्या कुत्र्याला हे कशाला? तो काय साहेबाच्या चपला आणणार आहे?" चपलांचे सोडा. वस्तू आणण्याच्या या एका कामात चार धडे आहेत. सांगेपर्यंत थांबणे, सांगितल्यावर जाणे, उचलून सरळ परत येणे, आणि तोंडातले सोडणे. कोकराचा पाय असो की नगर-पुणे रस्त्यावर एस.टी.च्या चाकामागे धावणे असो, कुत्र्याचा जीव वाचवणारे धडे हेच.

मग शिकवायचे कसे? गोणपाटाची वीतभर लांब गुंडाळी करा आणि ती सुतळीने घट्ट बांधा. ही शाळेची वस्तू. एरवी ती खुंटीवर राहील, कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही. खेळायला जुन्या कासऱ्याचा तुकडा वेगळा ठेवा. शाळेची वस्तू वेगळी, खेळाची वेगळी. कोणत्या वेळी कसे वागायचे, हे कुत्र्याला त्यावरून कळते.

पहिले काही दिवस फेकाफेक अजिबात नाही. गुंडाळी तोंडापुढे धरा. त्याने धरली की लगेच शाबासकी द्या. मग दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा दाखवून "सोड" म्हणा. सोडल्यावरच तुकडा द्या. दिले की काही मिळते, हे एकदा त्याच्या मनात बसले की तो वस्तू घेऊन पळणार नाही. नंतर गुंडाळी दोन हातांवर ठेवा, मग चार हातांवर. गळ्यात लांब दोर असू द्या, पण हिसका मारू नका. तो वस्तू घेऊन भलतीकडे निघाला तर त्याच्या मागे कधी धावू नका. आपण मागे धावलो की त्याला तो शिवाशिवीचा खेळ वाटतो. उलट आपणच पाठ फिरवून चार पावले दुसरीकडे पळावे. तो आपल्या मागे येतो. "थांब" हा धडा सर्वांत शेवटी. अगोदरच फार थांबवले, तर पिलाची हौस मरते.

पूर्वी काही ठिकाणी कुत्र्याचा कान पिळून वस्तू धरायला लावीत. दुखले की तोंड उघडायचे, वस्तू धरली की कान सोडायचा. अशा शिक्षणाने कुत्रा वस्तू आणतो, पण शेपूट पायात घालून आणतो. पोरांना छडीने पाढे येत, पण शाळेची गोडी लागत नसे. त्यातलाच हा प्रकार.

आता खेळाचे. काहींना वाटते, खेळाने कुत्रा बिघडतो. काहींना वाटते, दिवसभर खेळवला की तो दमून शहाणा होतो. दोन्ही अर्धवट. इंग्लंडमध्ये सोळा लॅब्राडोर कुत्र्यांवर एक प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना एक धडा दिला. नंतर निम्म्यांना अर्धा तास फिरवले, खेळवले, आणि निम्म्यांना नुसते विसावू दिले. दुसऱ्या दिवशी खेळलेल्या कुत्र्यांना तोच धडा कमी प्रयत्नांत जमला. धडा झाल्यावरचा खेळ असा फुकट जात नाही.

पण दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एक गोष्ट दाखवून दिली. पारदर्शक अडसरामागे खाऊ धरला, आणि तो वळसा घालून घ्यायचा होता. मोठ्या आवाजात उत्साह दिला तेव्हा शांत कुत्र्यांचे काम सुधारले. मुळातच चेव असलेल्या कुत्र्यांचे मात्र बिघडले. ते सरळ अडसराला धडकू लागले. आपल्या खंड्याचे हेच होत होते. मुलाची आरडाओरड म्हणजे पेटत्या चुलीत आणखी काटक्या.

तेव्हा नेम असा ठेवावा. आधी धडा, पाच मिनिटांचा. चार-पाच वेळा वस्तू आणवली की बस्स. तीही कुत्र्याला आणखी हवे असतानाच थांबवायची. आवाज हळू. मग "चल, खेळ" म्हणून कासऱ्याचा तुकडा काढा आणि ओढाओढी करा. त्या ओढाओढीतही मध्येच "सोड" म्हणा. त्याने सोडले की खेळ पुन्हा सुरू. दात अंगाला लागले की खेळ बंद. शेवटी "पुरे" म्हणून तुकडा उचलून ठेवा आणि त्याला सावलीत निजू द्या. खेळ ही कामाची मजुरी आहे. मजुरी कामानंतर द्यावी, आणि बुडवू मात्र कधी नये.

रोज शिकवलेच पाहिजे असे नाही. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकदोनदाच थोडा वेळ शिकवलेल्या कुत्र्यांना रोज शिकवलेल्यांपेक्षा कमी धडे लागले. सुगीच्या दिवसांत वेळ नसला तर मनाला लावून घेऊ नका.

थोडी सावधगिरी सांगतो. दगड फेकू नका, त्याने दात तुटतात. काटकी घशात घुसते. मक्याचे बुरकुंडे कुत्रा गिळतो आणि ते आतड्यात अडकते. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडतात, तेव्हा हिरड्या दुखतात. त्या दिवसांत मऊ चिंधीच द्या. बक्षीस म्हणून कांदा घातलेले काही देऊ नका. कांदा आपल्याला गोड, पण कुत्र्याच्या रक्ताला घातक. उन्हाळ्यात सकाळी लवकर शिकवा, कारण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापेनेच गार होतो. संध्याकाळी शिकवायचे तर ऊसपट्ट्यात दिवस मावळायच्या आत आटपा. आपल्याच अकोले तालुक्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला, तो २०१४ साली छापून आला. बिबट्याच्या खाण्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचाच निघाला. अंधारात उसाच्या कडेला वस्तू फेकणे म्हणजे कुत्र्याला आपणच ताटात वाढणे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. कुत्र्याला शिकवणारे मूल स्वतःही बरेच शिकते. आवाज चढवला की काम बिघडते, शब्द एकच ठेवावा, आणि समोरच्याला जमले नाही तर धडा सोपा करावा. हे आपल्यालाही वर्गात उपयोगी पडते.

खंड्याच्या वडिलांकडे मी गेलो. म्हणालो, "दादा, दीड महिना द्या. तोवर कुत्रा बांधून ठेवा, दोराशिवाय सोडू नका." ते हो-ना करता करता कबूल झाले. मुलाने नेमाने शिकवले. दीड महिन्याने आम्ही वाड्याजवळ गेलो. दोर अजून गळ्यात होता. एक कोकरू उड्या मारीत पुढून गेले. खंड्याचे कान उभे राहिले, अंग ताठ झाले, एक पाऊल पुढे पडले. मुलगा हळूच म्हणाला, "खंड्या, ये." कुत्र्याने कोकराकडे एकदा पाहिले, मुलाकडे एकदा पाहिले, आणि तो परत आला. मुलाने खिशातून कासऱ्याचा तुकडा काढला.

वडील काही बोलले नाहीत. टेम्पोचा विषय मात्र त्या घरात पुन्हा निघाला नाही. वाड्याकडे जाताना दोर अजूनही असतो, आणि तो असावाच. शहाणपण आले म्हणून कोणी कुंपण काढीत नाही.