करून दाखवू नकोस, सांग

रिबन बाहेर आली की पंखे बंद. मे महिना असो की ऑक्टोबर, अंधेरीच्या बाजूच्या त्या हॉलमध्ये हा नियम कुठे लिहून लावलेला नाही, पण नवीन आलेली चिमुरडीसुद्धा बरोबर बटणाकडे धावते. सॅटिनची सहा मीटर लांब पट्टी, वजन जेमतेम ३५ ग्रॅम. पंख्याचा झोत लागला की लाट मधेच मोडते आणि पट्टीला गाठ बसते. पंखे बंद, म्हणजे घाम. तळहात ओले झाले की ४०० ग्रॅमचा बॉल हातातून सुळकन निसटतो. मुंबईच्या उपनगरात रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकवायचं तर आधी या दमट हवेशी जमवून घ्यावं लागतं. बॅडमिंटनवाले गेले की गालिचा अंथरायचा, कडांना चिकटपट्टी लावायची. स्पर्धेचा चौक १३ बाय १३ मीटरचा. इथे तेवढी जागा मिळत नाही, तेव्हा दोन कोपरे मनातच धरायचे. छत मात्र उंच आहे आणि या खेळात उंच छताला पर्याय नाही.

शिकवणाऱ्या ताईंचं वय पाहून पालक पहिल्या दिवशी जरा चपापतात. अजून तिशीही ओलांडलेली नाही. पण स्पर्धेतून बाहेर पडून त्यांना बरीच वर्षं झाली. इंजिनिअरिंगची मुलं पहिल्या नोकरीच्या शोधात असतात, त्या वयात या खेळातल्या बहुतेक मुली ‘माजी’ झालेल्या असतात. सोळाव्या वर्षी सीनियर गटात, विशी ओलांडली की कंबर आणि घोटे कुरकुरायला लागतात. एक रचना ७५ ते ९० सेकंदांची, आणि त्यासाठी दहा-बारा वर्षांच्या संध्याकाळी गेलेल्या.

१९८४ साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. भारतीय चाहत्यांनी तो घरच्या मैदानावर पाहिला तो २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत. तेव्हा भारताकडून पूजा सुर्वे, अक्षता शेटे आणि क्षिप्रा जोशी उतरल्या होत्या. पूजा सुर्वे पुढे मुलुंडच्या पलीकडे, ठाण्यात प्रशिक्षक झाल्या. त्यांच्या अकादमीत घडलेल्या संयुक्ता काळेने २०२२ मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया स्पर्धेत पाच सुवर्णपदकं घेतली, आणि २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ओडिशाच्या प्रणती नायकबरोबर सर्वोत्तम महिला खेळाडूचा मान मिळवला. खेळाडू म्हणून मिळवलेलं शिष्यांपर्यंत पोचतं, याचं हे आपल्या जवळचं उदाहरण. बातमीत ते दोन ओळींत मावतं. मधली वर्षं मात्र अशा हॉलमध्येच जातात.

दिल्लीत त्या तिघी दोरी, हूप, बॉल आणि रिबन खेळल्या. त्यानंतर सीनियरच्या वैयक्तिक गटातून दोरी गेली, तिच्या जागी क्लब्ज आले. दोरीला मुठी नसतात, टोकांना गाठी असतात. मधोमध पाय ठेवून दोन्ही टोकं वर ओढली की ती खेळाडूच्या उंचीला बरोबर बसली पाहिजे. ज्यांची लहानपणाची सगळी मेहनत त्या दोरीवर झाली, त्यांना ती सोडून नव्याने क्लब्ज शिकवावे लागले. शिवाय गुणांची नियमावली दर ऑलिंपिकगणिक बदलते. स्वतः खेळताना एकाच प्रशिक्षकाचं ऐकलं की भागायचं. आता नियम वाचायचे, रचना बसवायची, संगीत सेकंदाच्या हिशेबात कापायचं, सुरकुतलेल्या रिबनला इस्त्री करायची, आणि ‘गॅदरिंगला दाखवता येईल ना?’ असं विचारणाऱ्या आईला हसून उत्तर द्यायचं. शेवटचं काम सगळ्यांत कठीण असावं, असं मला वाटतं.

ताई पाठमोऱ्या असतानाही काय पडलं ते ओळखतात. क्लबचा ठक्क आवाज वेगळा, हूपचा कडेवर गरगरत बसत जाणारा आवाज वेगळा. ‘किती पावलं गेलीस उचलायला?’ हा लगेच पुढचा प्रश्न. कारण हिशेब पक्का आहे: साधन पडलं आणि जागेवरच उचललं तर ०.५० गुण जातात, एक-दोन पावलं टाकावी लागली तर ०.७०, त्याहून लांब गेलं तर पूर्ण एक. म्हणून पाडायचं तर जवळ पाडा, हेही इथे शिकवलं जातं.

शरीर ताणण्याच्या बाबतीत त्या सावध आहेत. त्यांच्या वेळी स्प्लिट खाली जात नसेल तर वरून दाबायची पद्धत सर्रास होती. आता पुढचा पाय ठोकळ्यावर ठेवून मुलगी आपल्या वजनानेच खाली जाते आणि ‘दुखतंय की ताणलं जातंय?’ असा प्रश्न होतो. फरक सांगता आला नाही तर थांबायचं. मला हा बदल पदकांहून मोठा वाटतो.

परवा छोट्या बॅचला हूपची फेक शिकवायला त्यांनी एका सतरा वर्षांच्या सीनियरला उभं केलं. तिने फेकून दाखवलं. हूप सरळ वर गेलं, तिने खाली दोन गिरक्या घेतल्या आणि न बघता मागे हात नेऊन पकडलं. टाळ्या पडल्या. समोरच्या आठ वर्षांच्या मुलीने फेकलं ते थेट भिंतीवर. पुन्हा दाखवलं, पुन्हा भिंत.

‘करून दाखवू नकोस गं, सांग तिला,’ ताई लांबूनच म्हणाल्या.

सीनियर गप्प. हात कुठे असताना हूप सोडतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. हात आपला सोडून मोकळा होत होता. मग ती बाजूला गेली आणि स्वतःचाच हात बघत सावकाश फेकायला लागली. खांद्यापासून सरळ हात. खाली असताना सुटलं की हूप पुढे पळतं, फार उशीर झाला की डोक्यामागे जातं. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, ‘हात कानाजवळ यायच्या जरा आधी सोड. कोपर वाकवू नकोस.’

छोटीने फेकलं. या वेळी हूप वर गेलं, आणि पडलं दोन हात पुढे.

‘उशिरा की लवकर?’ ताईंनी विचारलं. छोटीला नव्हे, सीनियरला.