वेळ आली होती, पण टाइमझोन आला नव्हता!

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळमध्ये एक कॉलेजकुमार रात्री २ वाजता मोबाइलवर झोपेविषयीच्या ऑनलाइन प्रयोगाची प्रश्नावली भरतोय. सकाळी संशोधक डेटा उघडतात, तर नोंद आदल्या रात्री ८.३० ची! भानामती? छे, यूटीसी! बरेच सर्व्हर जागतिक वेळेत नोंद करतात आणि आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे. निशाचर पोरगा फुकटात शहाणा बाळ ठरला की नाही?

तुम्हाला माहीत आहे का, अड्याळच्या भिंतीवरचं घड्याळही अड्याळचं नाही? भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. भंडारा जिल्ह्यात सूर्य सरासरी ११ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. मुंबईत तर तब्बल ३९ मिनिटं लेट. (लोकलला उगाच नावं ठेवतो आपण.)

या ३९ मिनिटांवरून मुंबई चक्क भांडली! १९०६ साली प्रमाणवेळ आली, तेव्हा गिरणी कामगारांनी नव्या घड्याळाविरुद्ध दंगा केला. महापालिकेनं तर जुनी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. म्हणजे स्वातंत्र्य आधी मिळालं, वेळ जुळली नंतर. भरीला दुसऱ्या महायुद्धात देशभरातली घड्याळं एक तास पुढे! १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळातली भारतीय नोंद हाती आली, तर साडेपाच नाही, साडेसहा तास धरायचे.

एखादी नोंद जानेवारी १९७० ची दिसली तर? घाबरू नका. कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत बसलाय. आजचा सेकंदांचा आकडा १० अंकी, मिलिसेकंदांचा १३ अंकी. सेकंदांना कोणी मिलिसेकंद समजलं की अख्खा प्रयोग १९७० च्या जानेवारीत! अंक मोजा, चोर सापडेल.

मोबाइलचं घड्याळ? त्याच्यावर तर अजिबात भरवसा नको. गेममध्ये लाइफ लवकर मिळावी म्हणून पोरं तारीख पुढे ढकलतात. म्हणून जाणकार मंडळी सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगळी साठवतात आणि ‘उत्तर द्यायला किती मिलिसेकंद लागले’ हे मोजायला तारीख-वार न पाहणारं, फक्त पुढेच पळणारं स्टॉपवॉच वापरतात.

आता एक्सेलचा पराक्रम. त्याच्या मते १९०० साली २९ फेब्रुवारी होती! नव्हती हो. पण आधीच्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमधली ही चूक सुसंगतीसाठी मुद्दाम जपली गेली. शिवाय अमेरिकन सेटिंगमध्ये ०५/०६ म्हणजे ६ मे, आणि २५/०६ ही तारीखच नाही, नुसता मजकूर. रकान्यात अर्ध्या तारखा डावीकडे, अर्ध्या उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या की समजा, घोळ इथेच आहे. जनुकांची नावंसुद्धा एक्सेल तारखा समजून बदलायचं. शेवटी २०२० पर्यंत शास्त्रज्ञांनी जनुकांचंच बारसं नव्यानं केलं. एक्सेलपुढे कोणाचं काय चालतंय!

आता नोंदींच्या डबल रोलकडे वळूया. रेंज गेली, चाक गरगर फिरतंय, बोट पुन्हा ‘सबमिट’वर. झाली जुळी नोंद! उपाय सोपा आहे. फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळा टोकन नंबर द्यायचा. त्याच टोकनची दुसरी स्वारी आली की दारातूनच परत.

पण नाव आणि जन्मतारीख सारखी दिसली म्हणून नोंद उडवू नका बरं का! महाराष्ट्रात १ जूनला किती जणांचा वाढदिवस असतो, माहीत आहे ना? कृपा शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेल्या तारखेची. आयपी ॲड्रेसवरून पकडायचं म्हणाल, तर मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात. गावाचं नाव? अड्याळ पवनी तालुक्यात आहेच, आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी तालुक्यात अड्याळ टेकडीही आहे! म्हणून तर सरकारनं गावागणिक वेगळा कोड दिलाय.

जुळ्या नोंदी पकडण्यात वर्ल्ड रेकॉर्ड कोणाच्या नावावर शोभेल? वाघ मोजणाऱ्यांच्या! अड्याळच्याच पवनी तालुक्यात उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा भाग आहे. नागझिऱ्यातून २०१३ मध्ये इथे आलेला आणि एप्रिल २०१६ नंतर गायब झालेला सुपरस्टार वाघ ‘जय’ आठवतो ना? २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, फोटो निघाले ३,४८,५८,६२३! त्यात वाघांचे ७६,६५१. आणि त्या फोटोंतले वेगवेगळे वाघ किती? फक्त २,४६१. या गणनेची गिनीज बुकात नोंद झाली.

गंमत म्हणजे वाघाच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टे वेगळे असतात. एकाच बाजूचा फोटो असला, तर एका वाघाचे दोन होतात. म्हणून कॅमेरे समोरासमोर, जोडीनं. कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात एक ठोकताळाही आहे. तोच प्राणी अर्ध्या तासात पुन्हा आला, तर बहुधा एकच भेट धरतात. (नातेवाइकांनाही लागू करावा.) आणि बॅटरी बदलताना घड्याळ रीसेट झालं तर? कॅमेरा लावताना आणि काढताना त्याच्यासमोर मनगटी घड्याळ धरून एकेक फोटो. फरक किती पडला, फोटोच सांगतो.

पंचांगवाल्यांचा डेटाबेस तर या सगळ्याहून जुना. सूर्योदयाला जी तिथी, ती दिवसाची. मग एक तिथी दोन सूर्योदय पाहते ती वृद्धी, म्हणजे डुप्लिकेट. एकही न पाहणारी ती क्षय, म्हणजे मिसिंग. अधिक मासात अख्खा महिना डबल! पण डिलीट नाही करत कोणी, उलट जावयाला अनारसे मिळतात.

कॅलेंडरवर खूण करून ठेवा. मंगळवार, १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. जुन्या ३२ बिटी सिस्टिमचा १९७० पासूनच्या सेकंदांचा आकडा २,१४,७४,८३,६४७ वर संपतो आणि पुढच्या सेकंदाला तारीख उडी मारते थेट डिसेंबर १९०१ मध्ये. तेव्हा तर भारतीय प्रमाणवेळच जन्मली नव्हती. साडेपाच तास मिळवायचे तरी कशात?