मण्यार आणि कवड्या

भारतात घरादारांत शिरणाऱ्या सापांमध्ये मण्यार आणि कवड्या या जोडीइतका घोटाळा क्वचितच दुसऱ्या सापांबाबत होत असेल. दोघेही निशाचर, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. पण मण्यार हा देशातील अत्यंत जहाल विषारी सापांपैकी एक होय, तर कवड्या पूर्णपणे बिनविषारी. मण्यार समजून कवड्याला ठार मारले जाते, हे नेहमीचेच; त्याहून घातक प्रकार म्हणजे कवड्या समजून मण्यारला हात लावणे.

मण्यारचा रंग चकचकीत काळा अथवा निळसर काळा असून त्यावर बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात. मानेजवळ ते पुसट असतात किंवा नसतातच, आणि शेपटीकडे जावे तसे ठळक होत जातात. कवड्याचे नेमके उलट असते. त्याच्या तपकिरी अंगावरील पांढरट वा पिवळसर पट्टे मानेकडे रुंद व स्पष्ट असतात आणि शेपटीकडे विरून जातात. शिवाय कुशीवर उतरताना त्यांना फाटे फुटतात. त्याचे डोके चपटे व मानेहून रुंद असते. पाली हे त्याचे आवडते भक्ष्य, त्यामुळे खडबडीत भिंतीवर तो सहज चढतो. बंगालीत त्याला ‘घरगिन्नी’ म्हणतात, आणि हे नाव त्याला शोभतेही.

तथापि केवळ पट्ट्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. मण्यारच्या पिलांचे पट्टे मानेजवळही स्पष्ट असतात, आणि लांबीने ही पिले प्रौढ कवड्याएवढी, म्हणजे सुमारे अर्धा मीटर, असू शकतात. काही मण्यार तर बिनपट्ट्याचे, निव्वळ काळेच असतात. खात्रीची खूण खवल्यांत आहे. मण्यारच्या पाठीच्या कण्यावरील खवल्यांची ओळ इतर खवल्यांहून मोठी व षट्कोनी असते. कवड्यात ती बाजूच्या खवल्यांसारखीच असते. शेपटीच्या खालचे खवले मण्यारमध्ये अखंड, तर कवड्यात दुभंगलेले असतात. अर्थात जिवंत सापाचे खवले तपासायला कोणी जाऊ नये. मात्र घरात सापडलेल्या कातीवर, रंग गेलेला असला तरी, या खुणा निर्धोकपणे पाहता येतात.

हा भेद इतका महत्त्वाचा का, हे मण्यारच्या दंशावरून कळते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो रात्री चावतो. वेदना जवळजवळ होत नाहीत, सूज येत नाही, दातांच्या खुणाही दिसेनाशा असतात. काही तासांनी पोटात कळा येतात, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. विष मज्जातंतूंच्या टोकांवरच आघात करीत असल्याने, लस उशिरा दिल्यास तिचा उपयोग मर्यादित राहतो आणि रोग्याला कित्येक दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागते. म्हणून दंशानंतर साप ओळखण्यात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

भारतात वापरली जाणारी बहुगुणी प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून तयार होते. बंगाल, आसाम या भागांत आढळणारा, काळ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांचा आणि बोथट शेपटीचा पट्टेरी मण्यार या चौघांत नाही.